लांबचं दाखवणारा कॅमेरा

"पक्षी म्हनालात ना, ताई?" उद्धवरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग पक्ष्याच्या कमरेला बक्कल कुठनं आलं?"

घरून निघताना मिनलने खोटं नीट घोकून ठेवलं होतं. पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय, लांबचं दिसलं पाहिजे, रोज वापरता आलं पाहिजे आणि भाजीच्या पिशवीत मावलं पाहिजे. चाकणच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या स्टुडिओत शिरेपर्यंत ते सगळं जागच्या जागी होतं. कॅमेरा हातात आला आणि तोंडून भलतंच निघून गेलं, "यातून माणसाच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दिसेल का हो?"

"उदाहरण म्हणून विचारलं," ती म्हणाली. "म्हणजे एवढं बारीक दिसतं का, असं."

उद्धवराव चाकणच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनी कंपन्यांकडे गेल्या तेव्हा भावांनी हॉटेलं काढली, कंपन्यांना गाड्या लावल्या. यांनी स्टुडिओ काढला आणि जन्मभर भावांची बोलणी खाल्ली. आता दुकान चालायचं ते पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर. पण काचेच्या कपाटात वापरलेले कॅमेरे त्यांनी जिवापाड जपले होते, आणि गिऱ्हाईक घावलं की त्याला शिकवल्याशिवाय ते सोडत नसत. कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक येऊनही बरेच महिने झाले होते, त्यामुळे आज तर ते रंगातच आले होते.

"ह्यो मोठा बघा. साठपट वढतो. चंद्रावरचे खड्डे दिसत्यात. पर ह्याला येगळी पिशवी लागंल, गळ्यात अडकवला तर मान दुखंल. आन् ह्यो बारका. तीसपट. पर्समधी मावतोय."

"मोबाइलमध्ये पण पन्नास-शंभरपट लिहितात की."

"लिवत्यात. त्यातलं खरं थोडं, ऱ्हायलेलं नुसतं फोटो ताणून मोठं केलेलं. ह्यात काच पुढं येती. त्यामुळं हाय ते दिसतं, नसलेलं दिसत न्हाई."

मोबाइलचं तिला ठाऊक होतं. मोबाइलमध्ये तिला जे दिसलं होतं तो नुसता नारिंगी डाग होता आणि त्या डागाने तिची झोप उडवली होती. मोठा कॅमेरा तिने एकदा उचलून पाहिला. दिसायला झकास होता, पण घरात लपवायचा कुठे? तांदळाच्या डब्यात मावला नसता. तिने तो हळूच खाली ठेवला.

"उन्हात याचा पडदा दिसतो का?"

"न्हाई दिसत. तवा हितं डोळा लावायचा." उद्धवरावांनी बारक्या कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातली नखाएवढी खिडकी दाखवली. "लई कॅमेऱ्याला ही नसती. हिच्यासाठीच घ्यावा मानसानं."

"आणि हात थरथरला तर?"

"थोडाफार घेतो सांभाळून. पर लई हलला तर त्यो बिचारा काय करंल? आता हात कशापायी थरथरावा, ताई? तुमी लांब, पक्षी लांब."

दुकानाच्या पायरीवर येऊन मिनलने खिडकीला डोळा लावला. रस्त्याच्या टोकाला कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक उभा होता. तिने कळ दाबली, काच घरघरत पुढे आली, आणि गोण्यांच्या थप्पीवर बसलेला हमाल एकदम समोर येऊन ठाकला. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. एक पाय थप्पीच्या कडेवरून खाली सोडून तो निवांत तंबाखू मळत होता. पाय अनवाणी होता, आणि खाली काहीच नव्हतं. तिने कॅमेरा खाली घेतला.

"हाच द्या."

"दुर्बीन का न्हाई घेत? सोपं काम."

"दुर्बिणीतलं दुसऱ्याला दाखवता येत नाही," ती म्हणाली. त्या दुकानात ती बोललेली तेवढी एकच गोष्ट खरी होती.

भिशीचे पैसे पदराआड धरून तिने दिले. उद्धवरावांनी कॅमेरा पुसून, पिशवीत घालून दिला आणि बजावलं, "चांगला पक्षी घावला की मला दावाया आना बरं का."

*

तिचा पक्षी म्हणजे तिचा नवरा, बुद्धभूषण.

भूषण एका ठेकेदाराकडे होता. कंपन्यांच्या शेडवर सोलरच्या पाट्या बसवलेल्या असतात, त्या धुवायच्या, तारा बघायच्या, गळके पत्रे बदलायचे. काम ऐकायला सोपं. पण शेडवर सगळे पत्रे लोखंडी नसतात. आत उजेड पडावा म्हणून मधेमधे फायबरचे पत्रे घालतात. नवे असताना ते ओळखू येतात. दोन उन्हाळे गेले, धूळ बसली की लोखंड आणि फायबर एकाच रंगाचे होतात. लोखंड माणसाला पेलतं. फायबर पेलत नाही.

होळीनंतर भूषणचा जोडीदार जयदीप असाच गेला. दोघं बोलत चालले होते. "बोलता बोलता दिसेनासाच झाला," एवढंच भूषणने घरी सांगितलं. त्या संध्याकाळी तो मोरीत बराच वेळ नुसता पाय धूत बसला. उंचावरून पडू नये म्हणून घालायचा कमरेचा पट्टा जयदीपने घातलेला होता. पट्ट्याचा हूक कशालाच लावलेला नव्हता.

तेव्हापासून मिनलच्या मनात धास्तीने जे घर केलं ते केलंच. ती खराबवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तळेगावच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स वाजली की तिचा पाय मशीनच्या पायट्यावरून आपोआप निघायचा. आवाज कुठल्या बाजूला गेला ते ऐकत ती बसायची आणि दुसऱ्याच बाजूला गेला की लाज वाटावी इतकं बरं वाटायचं. फोन करायची सोय नव्हती. कंपनीच्या गेटवर मोबाइल काढून ठेवावे लागत. संध्याकाळी ती विचारायची, "हूक लावता ना?" आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणायचा, "लावतो गं." जेवलास का म्हटल्यावर माणूस जेवलो म्हणतो, तितक्या सहज. त्या सहजपणाचीच तिला जास्त भीती वाटायची.

मग भूषणला नवं काम लागलं ते नेमकं त्यांच्या बिल्डिंगच्या मागे. दोन मोकळे प्लॉट, एक कंपाउंडची भिंत आणि पलीकडे ते अवाढव्य शेड. गच्चीवरून सगळं छप्पर दिसायचं. शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंस, नवरा डोळ्यापुढे. पण डोळ्यापुढे काय होतं? नारिंगी जाकिटं घातलेले चार-पाच ठिपके. त्यातला आपला कुठला, तो कुठे पाय ठेवतोय, काही कळत नव्हतं. एखादा ठिपका पाटीमागे गेला की तो परत दिसेपर्यंत तिचा श्वास अडकायचा. याच्यापेक्षा न दिसणं परवडलं असतं. म्हणून कॅमेरा.

पहिल्या सकाळी धुण्याच्या बादलीत, ओल्या चादरीखाली लपवून तिने तो वर नेला. डोळा लावला तोच मागून आवाज आला, "काय बघतीस गं?"

सासूबाई, सरूबाई. गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना न चढणाऱ्या सरूबाई आज नेमक्या गच्चीवर. मिनलने कॅमेरा चादरीत कोंबला.

"दडवू नगस. मला काय डोळे न्हाईत व्हय?" सरूबाई धापा टाकत कठड्याला टेकल्या. "भूषणचा बा भिवा पिंपरीला भट्टीवर व्हता, तवा आमच्या टायमाला भोंगा व्हता. सुटीचा भोंगा झाला की म्या गल्लीच्या तोंडाला. येळ नसताना वाजला की समद्या बाया गेटाकडं पळायच्या, चूल तशीच सोडून. तुला बघाया तरी मिळतंय. बघ. बरा हाय ना त्यो?"

मिनलने परत डोळा लावला. एक जाकीट, दुसरं जाकीट, आणि मग एकदम भूषण. छपराच्या उंच कडेवर बसून तो बाटलीतून पाणी पीत होता. थोडं पाणी त्याने मानेवर ओतलं, तोंड पुसलं, हाताच्या तळव्याकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पोरगी सातवीत गेली, आणि नवऱ्याला काम करताना मिनल आज पहिल्यांदा बघत होती. तो घरच्यापेक्षा म्हातारा दिसत होता. तिला त्याची इतकी माया आली की ती क्षणभर कशाला वर आली होती तेच विसरली.

मग तो उठला आणि चालू लागला. कमरेला पट्टा होता. पट्ट्याचा दोर पाठीमागे लोंबत होता आणि दोराच्या टोकाचा हूक पत्र्यावरून खडखडत त्याच्या मागून फरफटत येत होता. खडखडाट अर्थातच तिला ऐकू आला नाही, पण तिच्या मनाने तो ऐकला. कसंबसं तिने बटण दाबलं. पहिले दोन फोटो हलले, तिसरा नीट आला.

*

"माझ्यावर पाळत ठेवतीस?"

भूषण एवढ्या जोरात कधी बोलत नसे. आतल्या खोलीत अभ्यास करणारी पोरगी, श्रद्धा, डोकावून गेली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो लोंबणारा हूक तसाच उघडा पडला होता.

"रोज लावतो म्हणत होता ना तुम्ही?"

"अगं, दर चार पावलांनी काढायचा, लावायचा, काढायचा. पाट्या कधी धुवायच्या? बाकीचे हसतात."

"जयदीपभाऊजींना पण कुणी हसलं असेल."

हे बोलायला नको होतं. भूषणने कॅमेरा उचलला, उलटसुलट करून पाहिला, काच पुढेमागे केली. "भारी आहे राव," तो पुटपुटला. "केवढ्याला पडला?" तिने सांगितलं नाही. तो हसला. "बरं. उद्यापासून लावतो. तुला दाखवून लावतो, मग तर झालं?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी चढून छपरावर आल्यावर तो बिल्डिंगकडे वळला. हूक त्याने हातात उंच धरला, उन्हात तो चमकला. मग पाठमोरा होऊन वाकला, लावला आणि दोन्ही हात झटकून मोकळे दाखवले. मिनल गच्चीवर एकटीच रडली. रडताना हसूही येत होतं.

मग बरे दिवस आले. रोज सकाळी हूक वर, हात मोकळे, आणि ती खाली येऊन मशीनवर बसायची. साचलेली कव्हरं भराभर हातावेगळी झाली. ॲम्ब्युलन्स वाजली तरी पायटा चालू राहू लागला. सरूबाई म्हणाल्या, पोरी, तुझ्या तोंडावर आता जरा रया आली.

एक दिवस त्याने मोकळे हात दाखवले तेव्हा एका हाताला चिंधी बांधल्यासारखी वाटली. लागलं की काय म्हणून तिने फोटो काढला आणि मोठा करून बघितला. चिंधी नव्हतीच, हातमोजा होता. बोट सरकून फोटो थोडा खाली गेला आणि तिला त्याची कमर दिसली. पट्ट्याचा दोर पाठीवरून वळून पुढे आला होता. हूक त्याच्याच पट्ट्याच्या कडीत अडकवलेला होता.

तिला आधी वाटलं, आपल्याला कळत नाहीये. तिने आधीचे फोटो उघडले. प्रत्येक सकाळचा एक होता. सगळ्यांत तसंच. मग तिने छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅमेरा फिरवला, हूक लावायची ती लोखंडी वायर शोधत. एका शेडवर अशी वायर होती, भूषणनेच कधीतरी सांगितलं होतं. इथे पत्रे होते, पाट्या होत्या, पाण्याचा पाइप होता. वायर कुठेच नव्हती. इतके दिवस शांत झोपल्याचीच तिला आता भीती वाटली.

*

संध्याकाळी तो आल्यावर चहा न टाकता ती त्याला गच्चीवर घेऊन गेली.

"वायर कुठंय?"

"कसली?"

"हूक जिला लावायचा ती."

भूषण कठड्याला टेकला. लपवाछपवी त्याला फार जमत नसे. "या शेडवर टाकलेलीच नाय," तो म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टर म्हणतो टाकू. कंपनीला सांगितलंय, टाकली."

"मग रोज मला काय दाखवत होता?"

"तुला झोप लागायला लागली होती ना."

तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या पाठोपाठ मायाही आली. ती म्हणाली, "मी हे फोटो घेऊन गेटवर जाते. सेफ्टीवाल्या साहेबांना दाखवते."

"दाखव. त्यांना पहिलं काय दिसणार? बुद्धभूषणने हूक लावलेला नाय. जयदीपच्या वेळी पण तेच लिहिलं, कामगाराने हूक लावला नव्हता. गेटचा पास माझा जाईल. वायर नाय येणार, दुसरा माणूस येईल."

"मग सोडा हे काम."

"सोडून घरी बसलोच होतो की मधे. तू रात्रंदिवस मशीन चालवत होतीस, ते मी बघत होतो." तो मान खाली घालून बोलत होता. "मला भ्या वाटत नाय असं वाटतं का तुला? शिडी संपली की रोज पाय उचलत नाय, मिने. रोज. आणि मग मी इकडं बघतो. तुझी पिवळी ओढणी दिसली की बरं वाटतं. मग मी नटांच्या रांगेवरूनच चालतो. खाली जिथं लोखंडी पट्टी असते तिथं नट असतात, तिथं पाय टाकला की भ्या नाय. जयदीप बोलत चालला होता. मी आता कुणाशी बोलत नाय. तू असलीस की घाई करत नाय मी."

"एवढ्या लांबून ओढणी दिसते?"

"दिसती की. मला कुठं झूम लागतो."

खाली रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबली, दुसऱ्या पाळीची माणसं चढली, बस गेली. मिनलने विचारलं, "अजून किती दिवस आहे हे शेड?" तो म्हणाला, "होईल." मग दोघं खाली आले आणि तिने चहा टाकला.

सरूबाईंना तिने सगळं सांगितलं. वायरीचं, पट्ट्याच्या कडीचं, नटांचं. त्या माउलीने कपाळाला हात लावला नाही की ठेकेदाराला शिव्या दिल्या नाहीत. सकाळी मिनल पिवळी ओढणी घेऊन वर गेली तेव्हा एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन, गुडघे धरत धरत, सरूबाई तिच्या आधीच गच्चीवर पोचल्या होत्या.

आज भूषणने हूक वर केला नाही. आता त्या खेळाची गरज उरली नव्हती. त्याने फक्त एकदा गच्चीकडे बघितलं, आणि कामाला लागला. खाली कव्हरांचा ढीग तसाच पडला होता. मिनलने डोळा खिडकीवरून काढला नाही. तिला आता नटांच्या रांगा ओळखू यायला लागल्या होत्या. उजवा पाय नटांवर. डावा पाय नटांवर. प्रत्येक पावलाला ती श्वास धरायची आणि सोडायची. ऊन चढलं तसे पत्रे तापले, त्यांच्यावरची हवा हलायला लागली आणि त्या हवेत भूषण पायापासून डोक्यापर्यंत थरथरताना दिसू लागला. हवाच हलते आहे हे कळत असूनही तिच्या अंगावर काटा आला.

"कुठवर आलाय?" खुर्चीवरून सरूबाई विचारत होत्या. त्यांना त्या अंतरावरचं काहीच दिसत नव्हतं.

"मधल्या पाटीपाशी."

"मधी ते वंगाळ पत्रे हायेत ना?"

"हो. दोन्ही बाजूंना."

भूषणने पाइप खांद्यावर घेतला. एक पाय उचलला. आणि खिडकी काळी झाली.

मिनलने बटण दाबलं, परत दाबलं, धरून ठेवलं. काच पुढे आलेली होती तशीच अडकून राहिली. कालच्या सगळ्या गोंधळात कॅमेरा चार्जिंगला लावायचा राहून गेला होता. चार्जर खाली, स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूच्या प्लगपाशी.

तिने मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. ऊन, पत्रे आणि नारिंगी ठिपके. त्यातला एक ठिपका मधोमध थांबला होता. तो कुणाचा, पाठमोरा की इकडे तोंड केलेला, काही कळत नव्हतं. खाली जाऊन येण्याएवढा वेळ त्याला ओढणी दिसली नसती. ती जागची हलली नाही. कॅमेरा तिने परत डोळ्याला लावला आणि दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक उंच धरलं. खिडकीत गडद अंधार होता आणि त्यात तिला स्वतःचीच पापणी लागत होती.

"मिनल, अगं बोल की," सरूबाईंचा आवाज कापत होता. "पाय टाकला का त्यानं?"

"टाकला," मिनल म्हणाली.

"कुठं?"

"नटांवर, आई. अगदी नटांवर."

सरूबाईंनी सुस्कारा सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली. मिनल त्या काळ्या खिडकीत बघत उभी राहिली आणि थोड्या वेळाने, न विचारताच, तिने पुढचं पाऊल सांगितलं.